भक्षक आणि बक्षीस

प्रश्न थोडक्यात असा: आमवातावरच्या (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसवरच्या) माहितीपुस्तिकेचं मराठी तपासताना 'मॅक्रोफेज'ला, म्हणजे जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशीला, भक्षकपेशी म्हणावं, महाभक्षी की बृहद्भक्षक? शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःवरच उलटते त्या 'ऑटोइम्युन' आजारांसाठी 'स्वयंप्रतिकार' चालेल का? आणि 'आमवातात या पेशी रुग्णाचे सांधे खातात' हे वाक्य ठेवावं का?

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण 'सांधे खाणाऱ्या पेशी' हा प्रकार आता ऐकवत नाही. ते वाक्य काढून टाका. मॅक्रोफेज सांधा खात नाही. निरोगी सांध्याच्या आतल्या अस्तरात, म्हणजे सायनोव्हियममध्ये, ती मुळातच राहायला असते. हे अस्तर जेमतेम एक ते तीन पेशींच्या जाडीचं असतं. त्यात दोनच प्रकारच्या पेशी, त्यातला एक प्रकार मॅक्रोफेजचा. मेलेल्या पेशींचा केर उचलणं हे तिचं रोजचं काम. आमवातात रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशी आत घुसतात, तिथे त्यांच्या नव्या मॅक्रोफेज बनतात, अस्तर आठ-दहा थरांपर्यंत फुगतं आणि या नव्या पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ ही दाह पेटवणारी द्रव्यं सोडत राहतात. बिघाड होतो तो या द्रव्यांमुळे. त्यांनी चिथावलेल्या शेजारच्या फायब्रोब्लास्टसारख्या पेशी कूर्चा पोखरणारी विकरं (एन्झाइम) सोडतात. हाडाला खड्डे पाडतात त्या ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी. या मॅक्रोफेजच्याच कुळातल्या, मोनोसाइटपासून एम-सीएसएफ आणि रँक-लिगंड या दोन संकेतांवर घडलेल्या. पण त्याही हाडाचा लचका तोडत नाहीत. आधी आम्ल सोडून खनिज विरघळवतात, मग कॅथेप्सिन-के या विकराने हाडातलं कोलॅजन हे प्रथिन तोडतात.

थोडक्यात, क्रियापद चुकलंय. इथे 'खाणं' नव्हे, 'स्रवणं' हवं. आणि मजा म्हणजे रोगाच्या इंग्रजी नावातच ते लिहून ठेवलंय! ग्रीक 'ऱ्हेउमा' म्हणजे प्रवाह, वाहणारा द्रव. त्याचा धातू आणि संस्कृत 'स्रु' एकच. स्रवति, स्राव, स्रोत ही सगळी त्याचीच भावंडं. ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा 'स्र' झिजून 'ऱ्ह' झाला, म्हणजे ऱ्हुमॅटिझममधला तो अवघड 'ह' हा हरवलेल्या 'स'चा पुरावा आहे. डोक्यातून दूषित द्रव पाझरून अंगभर उतरतो अशी जुनी युरोपीय समजूत होती. तिच्यातून सांधेदुखीला वेगळं काढून 'ऱ्हुमॅटिझम' हे नाव चिकटवलं ते फ्रेंच वैद्य गियोम द बाय्यू याने, आणि त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६४२ मध्ये छापला गेला. १८५९ मध्ये आल्फ्रेड बेरिंग गॅरडने 'ऱ्हुमॅटॉइड' हा शब्द घडवला, अर्थ 'ऱ्हुमॅटिझमसारखा दिसणारा'. 'गाउट'ही लॅटिन 'गुत्ता', म्हणजे थेंब, यावरून आलेला. डोक्यातून काही पाझरत नाही हे खरं, पण 'स्राव' हा शब्द मात्र नेमका बसला.

हे केवळ शब्दांचं वेड नाही. वाचकाला 'सांधे खाणारी पेशी' सांगितलं की औषध त्या पेशीला मारतं असं तो गृहीत धरतो. टीएनएफ-रोधक औषध मुख्यतः पेशीने सोडलेलं टीएनएफ धरून निकामी करतं. लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी १९९२ मध्ये आमवाताच्या रुग्णांना पहिल्यांदा हे दिलं, तेव्हा लक्ष्य होता तो स्रावच. आणि हा स्राव थांबवला की दुसरीकडे भोक पडतं. क्षयाचा जंतू मॅक्रोफेजच्या पोटात वर्षानुवर्षं जिवंत दबून राहू शकतो. त्याच्याभोवतीची ग्रॅन्युलोमाची, म्हणजे पेशींच्या गाठीची, तटबंदी टीएनएफच्या जोरावर उभी असते. टीएनएफ काढून घेतलं की ती ढासळते आणि सुप्त क्षय जागा होतो. म्हणून हे औषध सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयासाठी मांटू किंवा इग्रा चाचणी करतात. पुस्तिकेत 'खाणं' लिहून ही चाचणी कशासाठी ते समजावून दाखवा बरं.

आता 'फेज'. ग्रीक 'फागेइन' म्हणजे खाणे, हे कुठल्याही कोशात मिळेल. तिथे थांबायचं कारण नाही. ग्रीक 'फ' हा संस्कृत 'भ'चा जोडीदार: आपलं 'भरामि' ते त्यांचं 'फेरो', आपला 'भ्राता' तो त्यांचा 'फ्रातेर'. त्या हिशेबाने 'फाग्' म्हणजे आपला 'भज्', आणि भज्चा मूळ अर्थ खाणे नाहीच. वाटून देणे, वाट्याला येणे! भाग, विभाग, विभक्त, भाजक सगळे त्यातलेच. 'भक्त' म्हणजे आधी वाट्याला आलेलं, त्यावरून अन्न, त्यावरून शिजलेला तांदूळ. तोच प्राकृतात 'भत्त' आणि आपल्याकडे 'भात'. कचेरीतला 'भत्ता'ही त्याच घरचा. ग्रीकांनी 'वाटा मिळणे'वरून थेट 'खाणे' गाठलं, इतकंच.

खरी बहार पुढे आहे. भज्चाच 'स'ने वाढलेला अवतार म्हणजे 'भक्ष्'. आपल्याकडे त्याचा अर्थ खाणे झाला. इराणी शाखेत त्याचाच 'बख्श्' झाला आणि अर्थ राहिला वाटा देणे, बहाल करणे. फारसीतून तो मराठीत आला तो 'बक्षीस' होऊन. म्हणजे भक्षक आणि बक्षीस एकाच धातूची लेकरं, एक वाटा घेणारं, दुसरं देणारं.

यावर 'धातुपाठात (संस्कृत व्याकरणातल्या धातूंच्या यादीत) भज सेवायाम् आणि भक्ष अदने असे दोन वेगळे धातू आहेत, त्यांचा संबंध काय' असं ऐकवणारे विद्वान दर खेपेला भेटतात. धातुपाठाची मांडणी रूपं साधण्यासाठी आहे, कुळकथा सांगण्यासाठी नाही. ज्यांना भक्ष् पोरका वाटतो त्यांनी अवेस्ता, म्हणजे पारशांचा जुन्या इराणी भाषेतला धर्मग्रंथ, एकदा उघडून पाहावा.

आणि मॅक्रोफेज दोन्ही अर्थ जगते. गिळलेला जंतू लायसोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या पचनपिशवीच्या, आम्लात, पीएच साधारण ५ च्या आसपास, विकरांनी तोडला जातो. त्यातले १३ ते २५ अमिनो आम्लांचे तुकडे एमएचसी वर्ग-२ या रेणूवर बसवून ती टी पेशींपुढे, म्हणजे प्रतिकाराची दिशा ठरवणाऱ्या पांढऱ्या पेशींपुढे, धरते. आधी भक्षण, मग वाटप. कोऱ्या टी पेशींना पहिला धडा देण्याचं मुख्य काम डेंड्रायटिक पेशींचं, हे खरं. पण सांध्यात येऊन ठेपलेल्या टी पेशींना चेतवत ठेवायला मॅक्रोफेज पुरेशी आहे. आमवाताचा सर्वांत ठळक आनुवंशिक धागाही नेमका इथेच सापडतो: एचएलए-डीआरबी१ या जनुकाच्या काही प्रकारांत तुकडा धरणाऱ्या खोबणीची ७० ते ७४ क्रमांकांची जागा सारखीच असते, आणि ज्यांतल्या आर्जिनिन या अमिनो आम्लाचं सिट्रुलिन झालंय असे स्वतःच्याच प्रथिनांचे तुकडे तिथे चपखल बसतात. बिघाड खाण्यात नाही, काय वाटलं जातंय त्यात आहे. माझं चाललं असतं तर या पेशीला 'भाजक पेशी' म्हटलं असतं. पण गणिताचा भाजक आणि पेशीविभाजन यांच्यात ती चिरडली जाईल, म्हणून आग्रह सोडतो. नाइलाजाने.

'खाणं' हा शब्द दुष्ट ठरवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. आमवात पूर्ण आटोक्यात आलेल्या रुग्णांच्या अस्तरात मर्टीके हा ग्राहक बाळगणाऱ्या मॅक्रोफेजचं प्रमाण जास्त असतं, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. मर्टीके कशाचा ग्राहक? मेलेल्या पेशी ओळखून गिळण्याचा! ज्यांच्यात या खादाड मॅक्रोफेज कमी, त्यांचा आजार औषध थांबवल्यावर उसळण्याची शक्यता जास्त. म्हणजे सांध्यात खाणाऱ्या पेशी शांतता राखतात. ल्युपस या दुसऱ्या ऑटोइम्युन आजारात तर न खाणं हाच घोटाळा. मेलेल्या पेशी वेळेत उचलल्या नाहीत की त्यांच्या केंद्रकातला माल उघडा पडतो आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. हा केर उचलायला मदत करणारं सी१क्यू हे प्रथिन जन्मतः नसलेल्या बहुतेकांना ल्युपस होतो. (ल्युपस म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा, संस्कृत 'वृक' तोच. वृकोदर भीमाच्या नावाचा आजार आणि दुखणं मात्र भूक मंदावल्याचं!)

इथेच 'आमवात' शब्दाची गोडी कळते. 'आम' म्हणजे कच्चं, न पचलेलं. ग्रीकमध्ये तोच 'ओमोस', आणि कच्चं मांस खाणारा 'ओमोफागोस'. शब्द जुळवून पाहा: आम अधिक भज्. माधवनिदानाने आमवाताला स्वतंत्र प्रकरण दिलं त्यात 'आम' हे अपक्व अन्नरसाचं नाव आहे. त्यावरून 'प्राचीनांना मॅक्रोफेज ठाऊक होत्या' असले फॉरवर्ड कृपा करून पाठवू नका. न पचलेलं शिल्लक राहिलं की दुखणं, एवढी कल्पना दोन्हीकडे भेटते, बस्स. पण ऱ्हुमॅटॉइडला सरसकट 'संधिवात' लिहिणाऱ्यांशी माझं भांडण आहे. संधिवात या एका पोत्यात लोक वयोमानाची झीज, गाउट आणि आमवात तिन्ही कोंबतात, आणि रुग्ण एकाच्या गोळ्या दुसऱ्यासाठी घेतो. गाउटला 'वातरक्त' आहे, ऱ्हुमॅटॉइडला 'आमवात' आहे, ते वापरा.

'स्वयंप्रतिकार' नको. स्वयंपाक म्हणजे स्वतःला शिजवणं नव्हे. स्वयंसेवक स्वतःची सेवा करत नाही. 'स्वयं' म्हणजे स्वतः होऊन, आपण आपल्या हाताने. त्यामुळे स्वयंप्रतिकार म्हणजे शरीराने आपणहून केलेला प्रतिकार, आणि तो तर साध्या सर्दीतही होतो. इथे प्रतिकाराचा रोख 'स्व'वर आहे, तेव्हा 'स्वविरोधी प्रतिकार' किंवा सरळ 'ऑटोइम्युन' लिहा. मूळ शब्द तरी कुठे धड आहे? लॅटिन 'इम्युनिस' म्हणजे सार्वजनिक बोज्यातून सूट मिळालेला. त्या हिशेबाने 'ऑटोइम्युन' म्हणजे स्वतःला सूट, आणि आजारात सूट मिळत नाही ती नेमकी स्वतःलाच. 'प्रतिकारशक्ती कमी पडल्याने आमवात होतो' हे पुस्तिकेत कुठे असेल तर तेही खोडा, नाहीतर वाचक प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे शोधत बसेल.

मॅक्रोफेज खरोखर स्वतःचंच खाते अशी एक जागा आहे आणि तिथे 'खाते' खुशाल लिहा. लहान मुलांच्या सिस्टेमिक ज्युवेनाइल आर्थ्रायटिसमध्ये कधीकधी मॅक्रोफेज ॲक्टिव्हेशन सिंड्रोम उसळतो, म्हणजे मॅक्रोफेज बेफाम चेतवल्या जातात. अस्थिमज्जेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर तांबड्या पेशी, प्लेटलेट, अगदी केंद्रक असलेल्या पेशीही पोटात घेऊन बसलेली मॅक्रोफेज दिसू शकते. पण निदानासाठी ती दिसेपर्यंत थांबत नाहीत. २०१६ चे निकष असे: ताप असलेल्या अशा रुग्णात फेरिटिन मिलिलिटरला ६८४ नॅनोग्रॅमच्या वर, आणि जोडीला पुढच्यांपैकी कुठलेही दोन: प्लेटलेट मायक्रोलिटरला १,८१,००० किंवा त्याखाली, एएसटी (यकृताच्या तपासणीतलं विकर) लिटरला ४८ युनिटच्या वर, ट्रायग्लिसराइड डेसिलिटरला १५६ मिलिग्रॅमच्या वर, फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) डेसिलिटरला ३६० मिलिग्रॅम किंवा त्याखाली. यातला फसवा भाग ईएसआर, म्हणजे तांबड्या पेशी नळीत खाली बसण्याचा वेग; एरवी दाह वाढला की तो वाढतो. आजार बळावत असताना तो खाली येतो, कारण त्याला वर ठेवणारं फायब्रिनोजेनच संपत असतं. ताप चढा आणि ईएसआर उतरता दिसला तर ती सुधारणा समजू नये, हे पुस्तिकेत ठळक अक्षरांत टाका.

राहिला तुमचा पहिला प्रश्न. 'भक्षकपेशी' हा सगळ्या फॅगोसाइटांचा, म्हणजे गिळणाऱ्या पेशींचा, शब्द, त्यात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीही येतात. 'महाभक्षी'वाले सांगतात की मॅक्रो म्हणजे महा. नाही. 'महा'चा ग्रीक जोडीदार 'मेगास'. 'माक्रोस' म्हणजे लांब, आणि लॅटिनमधला त्याचा नातेवाईक 'माकेर' म्हणजे चक्क हडकुळा. रशियन जीवशास्त्रज्ञ इल्या मेच्निकॉव्हने भक्षकांचे दोन गट केले, लहान ते मायक्रोफेज आणि मोठे ते मॅक्रोफेज. मायक्रोफेज हे नाव मागे पडून न्यूट्रोफिल हेच टिकलं आणि मॅक्रो बिचारा जोडीदाराविना उरला. आकाराचा फरक तरी किती? न्यूट्रोफिल १२ ते १५ मायक्रॉन, मॅक्रोफेज २० च्या आसपास. त्याला 'महा' म्हणणं जरा जास्तच. 'बृहद्भक्षक' अर्थाने ठीक आहे, पण दवाखान्यात कोणी उच्चारणार नाही. 'मॅक्रोफेज'च ठेवा, पहिल्या उल्लेखाला 'मोठी भक्षकपेशी' एवढा खुलासा द्या. पेशी स्त्रीलिंगी म्हणून ती मॅक्रोफेज, त्या मॅक्रोफेज. 'मॅक्रोफेजेस' हे अनेकवचन मात्र जिथे सापडेल तिथे कापा.