सरकारी नर्सिंग मिळेपर्यंत थांबायचं का?

वडील बोलत होते आणि आई कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे हिशेब मांडत होती. जूनचं पान होतं ते, आणि जून अजून संपायचा होता. मुलगी दोघांच्या मधे बसलेली, मोबाईल मांडीवर पालथा.

परभणी जिल्ह्यातलं कुटुंब. वडिलांची पिठाची गिरणी, आई अंगणवाडीत मदतनीस. मुलीला बारावी सायन्सला ६१ टक्के, बीएस्सी नर्सिंगची सीईटी देऊन झालेली. मधल्या काळात गावात एक ओळखीतला माणूस येऊन गेला. परराज्यात नर्सिंगची सीट आहे, होस्टेलसकट, सीईटी-बिईटीची भानगड नाही. त्याला १५ हजार टोकन दिलं होतं. आठवड्याभरात आणखी ५५ हजार भरले नाहीत तर सीट दुसऱ्याला जाणार, असं त्याने सांगितलं होतं.

"मॅडम, सरकारी मिळेपर्यंत थांबावं, का मिळतंय तिथं पैसे भरून मोकळं व्हावं? पोरीचं वर्ष वाया जायला नको."

मी प्रवेशाबद्दल सल्ला देते, त्यामुळे हाच प्रश्न मे ते सप्टेंबर माझ्या टेबलावर रोज असतो. त्याचं उत्तर देण्याआधी मी दुसरंच विचारलं, "दादा, बारावीचं मूळ गुणपत्रक कुठंय?"

कुणी बोलेना. मग मुलगी म्हणाली, "त्यांच्याकडं दिलंय. टीसी पण."

म्हणजे घाई फी भरायची नव्हतीच, कागद परत आणायची होती. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, आपण ज्याला सरसकट कॅप म्हणतो तिच्यात, कागदपत्रांची पडताळणी होते आणि प्रवेश घेताना मूळ कागद लागतात. कागद दुसऱ्याच्या कपाटात असले की तुम्ही थांबायचं ठरवा नाहीतर न ठरवा, निर्णय त्याच्या हातात गेलेला असतो. वडिलांना म्हटलं, उद्या गिरणी बंद ठेवा, पण कागद घेऊन या. बाकीचं नंतर बोलू.

तीन दिवसांनी कागद आले. टोकन आलं नाही.

दुसऱ्या भेटीत मुलीनेच तोंड उघडलं. "मॅडम, कुठलं विद्यापीठ चांगलं?" इंजिनिअरिंगवाल्या मैत्रिणींकडून हा प्रश्न आलेला असतो. नर्सिंगच्या बाबतीत महाराष्ट्रात तो फारसा उरत नाही. सरकारी असो, ट्रस्टचं असो, की नुसतं धंद्यासाठी काढलेलं असो, राज्यातली बहुतेक बीएस्सी नर्सिंग कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. १९९८ साली स्थापन झालेलं हे सरकारी विद्यापीठ. अभ्यासक्रम तोच, परीक्षा त्याच, पदवीवर नाव तेच. एसएनडीटी महिला विद्यापीठाचं स्वतःचं लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय आहे, ते वेगळं. अभिमत विद्यापीठं आणि खासगी विद्यापीठं वेगळी. त्यांच्याकडे मी नंतर येते, कारण पैशाची खरी गंमत तिथे आहे. तर पदवी सरकारी विद्यापीठाची हवी म्हणून जीव टाकायची गरज नसते. ती बहुतेकांना मिळतेच. निवडायचं असतं ते हॉस्पिटल आणि आत शिरायचं दार.

आधी हॉस्पिटल. चार वर्षं, म्हणजे २०२१च्या नव्या नियमांपासून आठ सत्रं, आणि त्यातले ढीगभर तास वॉर्डात जातात. नर्सिंग शिकतात ती खाटेजवळ. भारतीय परिचर्या परिषद कॉलेजला स्वतःचं किमान १०० खाटांचं हॉस्पिटल मागते ते याचसाठी. कागदावर हे बहुतेकांकडे असतं.

कागदावर म्हणते, कारण काही वर्षांपूर्वी मी एका मुलीच्या वडिलांबरोबर अशा एका कॉलेजचं हॉस्पिटल बघायला गेले होते. सकाळी साडेदहाची वेळ, एरवी कुठल्याही वॉर्डात राउंड चाललेला असतो. जनरल वॉर्डात खाटा मोजल्या, बावीस. सगळ्यांवर पांढऱ्याशुभ्र चादरी, कोपरे अगदी पाठ्यपुस्तकात असतात तसे दुमडलेले, एकीला सुरकुती नाही. सलाईनच्या स्टँडवर बोट फिरवलं तर धूळ. पेशंट दोन, आणि त्यातला एक वॉचमनचा भाऊ निघाला. तिथल्या ताई बिचाऱ्या प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, इन्स्पेक्शनला खाटा भरतात. त्याच आठवड्यात मी एका जिल्हा रुग्णालयात गेले होते. प्रसूती कक्षाबाहेर पाय ठेवायला जागा नव्हती आणि नर्सिंगच्या मुली बीपीचं यंत्र हातात घेऊन माणसांतून वाट काढत होत्या. गर्दीत शिकणं चांगलंच असतं असं मी म्हणणार नाही. शिकवायला माणूस कमी पडतो, मुलींना नुसतं कामाला लावलं जातं, ही तक्रार खरी आहे. पण पेशंटच नसलेल्या वॉर्डात शिकायचं तरी काय?

म्हणून या कुटुंबाला सांगितलं, यादीतल्या जवळच्या दोन कॉलेजांना जाऊन या. ऑफिसात बसू नका. ओपीडीच्या वेळेत हॉस्पिटलमध्ये जा, बाकड्यावर तासभर बसा, आणि शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलीला विचारा की आजवर किती बाळंतपणं पाहिलीस. ती आकडा सांगेल तेव्हा सोबतच्या मैत्रिणीच्या चेहऱ्याकडे बघा. वडिलांना हे फार पटलं. गिरणीवरचा माणूस, धान्य मुठीत घेतल्याशिवाय भाव बोलत नाही.

आता दार. इथे मी एकदा चुकलेली आहे. ती चूक मी प्रत्येक पालकाला सांगते, म्हणजे पुन्हा होणार नाही. एका मुलीचा नंबर पहिल्या दोन फेऱ्यांत लागला नाही. एका कॉलेजने संस्थास्तरावर थेट प्रवेश देऊ केला. कॉलेज बरं होतं, हॉस्पिटल चालतं होतं, मी म्हटलं घ्या. फी सवलतीचं काय, ते नंतर बघू. नंतर बघितलं तेव्हा कळलं, सवलत कॅपमधून आलेल्या विद्यार्थिनींनाच आहे. त्या घराने चारही वर्षं पूर्ण फी भरली. कॉलेज तेच, बाक तोच, शेजारी बसणारी मुलगी मात्र कॅपमधून आली म्हणून तिला शिक्षण शुल्कात सवलत.

ही सवलत अजून पुष्कळांना नीट माहीत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. जुलै २०२४च्या शासन निर्णयाने राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. आधी ते निम्मं होतं. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. सरकारी कॉलेजला लागू, अनुदानितला लागू आणि विनाअनुदानित खासगी कॉलेजलाही लागू. अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं मात्र यातून वगळलेली आहेत. मोठमोठ्या इमारती, रस्त्यावर कमानी आणि नावात विद्यापीठ, तिथे ही माफी नाही. एससी, एसटीसाठी शिष्यवृत्तीच्या योजना वेगळ्या आहेत, त्यांचेही अर्ज महाडीबीटीवरच, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर.

हे ऐकून आईने पेन उचललं. "म्हणजे खासगी मिळालं तरी फी नाही?"

"शिक्षणाची नाही, ताई. पण होस्टेल आहे, मेस आहे, गणवेश, पुस्तकं, जाण्यायेण्याचा खर्च आहे. ते लिहा."

तिने कॅलेंडरच्या पानावर नवी रांग मांडली. खरं सांगायचं तर स्वस्त कॉलेज कुठलं हे ठरतं ते याच रांगेत. नर्सिंगची मुलगी रोज एसटीने ये-जा करू शकत नाही. सकाळची पाळी आठच्याही आधी सुरू होते, पुढे संध्याकाळच्या आणि रात्रीच्या पाळ्या लागतात. फी शून्य आणि होस्टेल बाहेर, खासगी, असं कॉलेज चार वर्षांत महाग पडतं. फी थोडी असलेलं, आवारातच वसतिगृह असलेलं सरकारी कॉलेज स्वस्त पडतं. आणि रात्री पाळी संपवून मुलगी आवारातच झोपायला जाते, याची किंमत आईने कॅलेंडरवर लिहिली नाही, पण तिने तेच कॉलेज वर घ्यायला लावलं.

वर घ्यायला म्हणजे पसंतीक्रमात. सरकारीत मुंबईचं जेजे, पुण्याचं ससून, नागपूरचं मेडिकल, छत्रपती संभाजीनगरची घाटी या रुग्णालयांशी जोडलेली नर्सिंग कॉलेजं आहेत. वडिलांचं म्हणणं, "जेजे कशाला टाकता, तिथं काही लागणार नाही, नंबर वाया जाईल." हा गैरसमज घरोघरी आहे. पसंतीक्रमात नंबर वाया जात नसतो. गुणवत्ता क्रमांकानुसार तुमची पाळी येते, मग तुमच्या यादीत वरून खाली जे पहिलं मोकळं असेल ते मिळतं. न मिळणारं कॉलेज वर लिहिलं म्हणून खालचं हातचं जात नाही. उलट, जिथे जायचंच नाही ते भीतीपोटी मधे टाकलं तर नेमकं तेच गळ्यात पडतं. दूरचं नकोच, तिकडच्या पोरींनाच घेतात, असंही त्यांना वाटत होतं. वैद्यकीय प्रवेशातला ७०:३०चा विभागीय कोटा, म्हणजे ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्यांना, २०२० सालीच रद्द झाला, पण गावागावांत तो अजून जिवंत आहे.

मुलीला स्वतःला लष्कराचं फार होतं. पुण्याच्या एएफएमसीचं, म्हणजे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचं नर्सिंग कॉलेज मुलींसाठी आहे, शिक्षण, राहणं, जेवण सरकारी खर्चाने, पुढे लष्करी परिचर्या सेवेत अधिकारी. पण तिथे जायला ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा द्यावी लागते, आणि ती हिने दिलेली नव्हती. एम्सची परीक्षाही वेगळी, तिचा फॉर्म भरायची तारीख गेलेली. या दोन्ही गोष्टी अकरावीत कळायला हव्यात. जूनमध्ये सांगून मी फक्त हळहळ वाढवते, तरी सांगते, कारण धाकटी बहीण असते.

जीएनएमचा, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचा विषय काढला तेव्हा वडिलांचा चेहरा पडला. डिप्लोमा म्हणजे कमी, असं त्यांच्या मनात. तीन वर्षांचा हा अभ्यासक्रम करून सरकारी अधिपरिचारिकेच्या पदाला अर्ज करता येतो, आणि पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून पदवीही घेता येते. एम्सच्या नॉरसेट या परिचारिका भरती परीक्षेला मात्र जीएनएमवाल्यांना ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, बीएस्सीवाल्यांना लागत नाही. त्यामुळे माझं मत असं, की बीएस्सी मिळत असेल तर बीएस्सी. पण धूळ बसलेल्या स्टँडची बीएस्सी आणि जिल्हा रुग्णालयातलं सरकारी जीएनएम यांत निवड करायची वेळ आली तर मी डोळे झाकून जीएनएम सांगते. तिने तिकडचा अर्जही भरून ठेवला होता, त्यामुळे ‘वर्ष वाया जाईल’ हे भूत घरातून निम्मं गेलं.

कागदांचं थोडक्यात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन क्रिमिलेअर. यातल्या जात वैधतेला वेळ लागतो, बाकीचे तहसीलला चकरा मारून होतात. यांच्याकडे वैधता होती, चुलत्याने एका निवडणुकीसाठी धडपड केली तेव्हा सगळ्या घराचीच काढून घेतली होती. राजकारणाचा असाही उपयोग.

पहिल्या फेरीत काहीच लागलं नाही. त्या रात्री वडिलांचा फोन आला, तो टोकनवाला पुन्हा येऊन गेला होता, आता ४५ हजारांत करून देतो म्हणत होता. मी फक्त विचारलं, "कागद घरात आहेत ना?" म्हणाले, "तांदळाच्या डब्यात."

दुसऱ्या फेरीत तिला एका ट्रस्टच्या कॉलेजात जागा मिळाली. सरकारी नाही. पण हॉस्पिटल वडिलांनी स्वतः बाकड्यावर बसून पाहिलेलं, वसतिगृह आवारात, आणि प्रवेश कॅपमधून. प्रवेशाच्या दिवशी तिथल्या काउंटरवर म्हणाले, आधी पूर्ण फी भरा, सरकारकडून आली की परत देऊ. मुलीने शासन निर्णयाची छापील प्रत पुढे केली आणि साहेबांना भेटायचंय म्हणाली. अर्धा तास बसवून ठेवलं, मग होस्टेल आणि अनामत रक्कम घेऊन पावती दिली. मी बरोबर नव्हते. तिने संध्याकाळी पावतीचा फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये तिच्या आईचा फोन आला. आवाजात जरा घाबरं होतं. "मॅडम, दुसऱ्या वर्षाला ते महाडीबीटीचं परत भरावं लागतं का?"

"हो ताई, दरवर्षी. उत्पन्नाचा दाखला नवा काढा आधी."

"मग उद्या जाते तहसीलला," ती म्हणाली, आणि शेजारच्या कुणालातरी फोन दिला. त्या बाईंच्या मुलीचं पुढच्या वर्षी बारावी होतं.