कडा दातेरी दिसतात, कार्ड बदलू का?

प्रश्न : राम राम भाऊ, मी चोपड्याचा. जुन्या कॉम्प्युटरवर रेल्वे चालवायचा गेम खेळतो, ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र काढणारं) २ जीबीचं, मॉनिटर १३६६ बाय ७६८. फलाटाच्या कडा करवतीच्या दातांसारख्या दिसतात आणि गाडी पळायला लागली की वरच्या विजेच्या तारा तुटक तुटक होऊन लुकलुकतात. दुकानवाला म्हणतो कार्ड बदला. सेटिंगमध्ये कडा गुळगुळीत करायचे एमएसएए, एफएक्सएए, टीएए असे पर्याय आहेत, काय लावू?

उत्तर : भाऊ, कार्डाला पैसे आत्ताच घालू नका, हे दात नव्या कार्डावरही येतात. तुमच्या स्क्रीनवर १०,४९,०८८ पिक्सेल, म्हणजे रंगाचे ठिपके, आहेत आणि कार्ड प्रत्येकाच्या मधोमध एकदाच बघतं, इथे तार आहे की आभाळ, थोडी तार थोडं आभाळ असं उत्तरच नाही त्याच्याकडे. म्हणून तिरकी रेघ पायऱ्यापायऱ्यांची होते. आणि भुसावळ जंक्शनला असतात तशा तारा लांबून पिक्सेलपेक्षा बारीक झाल्या की कुठे त्या मधल्या बिंदूवर सापडतात कुठे निसटतात, गाडी हलली की जागा बदलतात, तेच तुमचं लुकलुकणं.

आधी गेमचं रिझोल्यूशन (आडवे-उभे किती पिक्सेल) १३६६ बाय ७६८ आहे ना ते बघा, कमी असेल तर चित्र ताणलं जाऊन दात आणखी मोठे दिसतात.

मग एमएसएए ४एक्स लावा. त्यात एका पिक्सेलमध्ये चार जागी तपासणी होते पण रंग सहसा एकदाच काढतात, म्हणून भार चौपट होत नाही आणि फलाट, तारा दोन्ही सुधारतात. जाळीचं कुंपण, झाडांची पानं मात्र बहुतेक तशीच खरखरीत राहतील, कारण ती सपाट तुकड्यावर चिकटवलेली चित्रं असतात आणि एमएसएए फक्त आकाराच्या कडा बघतं.

एफएक्सएए ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडिया कंपनीच्या टिमोथी लॉट्स यांनी केलं, एकदम हलकं, पण ते तयार झालेल्या चित्रावर हात फिरवतं, निसटलेली तार परत आणू शकत नाही आणि कधीकधी अक्षरंही पुसट करतं.

लुकलुकणं थांबवायला टीएए खरं भारी, त्यात गेमचा कॅमेरा दर फ्रेमला, म्हणजे दर नव्या चित्राला, पिक्सेलच्या आतच जरासा सरकवून मागच्या फ्रेम त्यात मिसळतात. पण तुमच्या रिझोल्यूशनला चित्र मऊ पडेल, आणि फ्रेम कमी येत असतील तर डब्यामागे सावलीसारखी शेपटी राहील. म्हणून उभ्या गाडीवर बघून ठरवू नका, गाडी पळवून तारांकडे बघा.