अपिलात दावा खालच्या कोर्टात परत पाठवला, म्हणजे आम्ही हरलो का?

नाही, तुमचे आबा हरलेले नाहीत. पण जिंकलेला निकालही आता हातात राहिलेला नाही. तुम्ही लिहिलंय की यावल तालुक्यातल्या केळीच्या शेताच्या बांधाचा दावा, खाली निकाल तुमच्या बाजूने लागला आणि अपिलात जिल्हा न्यायालयाने हुकूमनामा (खालच्या कोर्टाने निकालावर काढलेला लेखी हुकूम) रद्द करून मोजणीसाठी दावा परत पाठवला.

मी जळगाव जिल्ह्यातच दिवाणी कामं चालवतो. बांधाच्या भांडणात हे फार घडतं. समोरच्याने किती आर दाबलं, हे दोन साक्षीदारांच्या तोंडी जबाबावर ठरत नाही. मोजणीचा नकाशा नसेल, किंवा असूनही मोजणाऱ्याची साक्षच झाली नसेल, तर अपिलाचं कोर्ट अडतं.

आधी निकालाची नक्कल काढा आणि शेवटचा ‘आदेश’ हा भाग नीट वाचा. सगळं त्यावर आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 41 मधल्या रूल 23 किंवा 23-अ खाली दावा परत आला असेल, तर तो जुन्याच नंबरावर पुन्हा चालतो. आधी झालेला पुरावा वाया जात नाही, तो रेकॉर्डवर राहतो, त्यामुळे आबांना पहिल्यापासून सगळी साक्ष द्यावी लागेल ही भीती सोडा. रूल 25 असेल तर गोष्ट वेगळी: अपील वरच राहतं, खालचं कोर्ट फक्त नेमून दिलेल्या मुद्द्यावर निष्कर्ष वर पाठवतं.

आदेशात दोन्ही बाजूंनी खालच्या कोर्टात हजर राहायची तारीख बहुधा दिलेली असते. ती चुकवू नका. आबा वादी आहेत; वादी गैरहजर आणि प्रतिवादी हजर असला, तर दावा गैरहजेरीमुळे फेटाळला जाऊ शकतो.

आता माझं ठाम मत. पुरावा पुरेसा असेल तर अपिलाच्या कोर्टाने स्वतःच निकाल द्यावा, रूल 24 त्यासाठीच आहे. उगाच परत पाठवलेल्या दाव्यात शेतकऱ्याच्या आयुष्यातली वर्षं जातात. तुमची मोजणी आधीच झालेली असेल, नकाशा शाबित असेल आणि तरी दावा परत आला असेल, तर रूल 23 किंवा 23-अ खालच्या अशा हुकमावर औरंगाबाद खंडपीठात अपील करता येतं, मुदत 90 दिवस. हे अपील केलं नाही, तर कलम 105 प्रमाणे तो हुकूम चुकीचा होता असं पुढे म्हणता येत नाही. मोजणी खरंच झाली नसेल, तर मात्र खंडपीठाच्या वाटेला जाऊ नका. त्यापेक्षा खाली लगेच कोर्ट कमिशनर (कोर्टाच्या वतीने जागेवर जाऊन अहवाल देणारा माणूस) म्हणून भूमी अभिलेखच्या मोजणीदाराची नेमणूक मागा.

हुकूमनाम्याची दरखास्त, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल केली असेल, तर ती आता चालणार नाही. समोरचा बांध फोडेल अशी धास्ती असेल, तर पहिल्याच तारखेला तूर्तातूर्त मनाईचा, म्हणजे दावा चालू असेपर्यंत समोरच्याला रोखणाऱ्या हुकमाचा, अर्ज द्या.