खो मिळाल्याशिवाय उठायचे नाही

वाचकांचे प्रश्न : शालेय खेळ आणि मुलांची जडणघडण

प्रश्न : माझा मुलगा आठवीत शिकतो आणि शाळेच्या फुटबॉल संघात आहे. सलग दोन वर्षे तो राखीव खेळाडू म्हणूनच संघाबरोबर जातो. गेल्या पावसाळ्यात आंतरशालेय स्पर्धेचे चार सामने झाले. एकाही सामन्यात त्याला मैदानात उतरवले नाही. पालकसभेत मात्र ‘खेळामुळे मुलांचे चारित्र्य घडते’ असे आम्हाला दरवर्षी ऐकवले जाते. कडेला बसून कोणते चारित्र्य घडते? त्यापेक्षा त्याला शिकवणीला घालावे काय?
– एक आई, फोंडा

उत्तर : ताई, आपल्या प्रश्नातला उपरोध मला मान्य आहे. हेच वाक्य शारीरिक शिक्षक म्हणून नोकरी करीत असताना मीही कित्येक पालकसभांत म्हटले, आणि आज ते तितक्या सहजपणे माझ्या तोंडून निघत नाही. ब्रूस ओगिल्वी आणि थॉमस टुटको या अमेरिकेतील दोन क्रीडामानसशास्त्रज्ञांनी शाळकरी खेळाडूंपासून व्यावसायिकांपर्यंत अनेकांचा अभ्यास करून १९७१ मध्येच लिहिले होते की, या समजुतीला आधार देणारा पुरावा त्यांना आढळला नाही. जिद्द, शिस्त आणि दडपण सोसण्याची ताकद ज्यांच्या अंगी आधीपासून असते तेच निवडीच्या चाळणीतून पुढे सरकतात, आणि त्याचे श्रेय आपण खेळाला देऊन मोकळे होतो.

तरीही शाळेत खेळ हवाच असे मी म्हणतो, कारण खेळ प्रसंग पुरवतो. सगळ्यांच्या देखत चुकणे, आपल्यापेक्षा सरस मुलाला जागा सोडून देणे, अन्याय झाला असे वाटत असतानाही पुढचा चेंडू खेळणे, असे प्रसंग वर्गात वर्षाकाठी एखाददुसरे येतात आणि मैदानावर तासाभरात चार-पाच येतात. त्या वेळी जवळ उभा असलेला मोठा माणूस काय बोलतो आणि काय करतो, यावर मूल त्यातून काय घेते ते बरेचसे ठरते.

आपला मुलगा खो-खोच्या पाटीवर बसलेल्या खेळाडूसारखा आहे. तिथे आठ जण आळीपाळीने उलटसुलट दिशांना तोंडे करून बसतात, नववा पाठलाग करतो, आणि खो मिळाल्याशिवाय कोणालाही उठता येत नाही. पण बसलेल्याची नजर सतत धावणाऱ्यावर असते, कारण पाठीमागून खो कानावर पडताच त्याला क्षणार्धात झेपावायचे असते. त्या बसण्याला अर्थ येतो तो खो मिळणार या खात्रीमुळे. दोन वर्षांत एकदाही खो दिला नाही तर तो दोष बसणाऱ्याचा नव्हे, असे मी स्पष्टच म्हणेन. साखळी फेरीतल्या एकतर्फी सामन्यात शेवटची दहा मिनिटे राखीव मुलांना देण्याने कोणत्याही शाळेचे आकाश कोसळत नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात एक चषक वाढावा म्हणून मीदेखील एकदा एका मुलाला संपूर्ण हंगाम बसवून ठेवले होते. कोणाला कोणत्या मापाचे बूट लागतात हे त्याला पाठ असे, आणि मध्यंतरात लाल चिखलाने माखलेल्या जर्स्या तो न सांगता गोळा करून पिळून ठेवीत असे. मी त्याला ‘गुणी मुलगा’ म्हणत राहिलो आणि खेळवले मात्र नाही. पुढच्या वर्षी त्याने नाव दिले नाही.

आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलांच्या वाढीत मोठी तफावत असते. वयोगटाच्या ठरलेल्या तारखेनंतर लगेच जन्मलेली मुले त्याच गटातल्या इतरांपेक्षा काही महिन्यांनी मोठी असतात, आणि जगभर निवड करणाऱ्यांची नजर त्यांच्यावरच आधी जाते असे अभ्यासकांना वारंवार दिसून आले आहे. आज अंगाने लहान असलेला मुलगा दोन वर्षांनी लहान राहीलच असे नाही. आपल्या मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई यांना पद्धतशीर क्रिकेट खेळायला मिळाले ते मुंबईला गेल्यावर, आणि त्याच १९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये त्यांनी एका मालिकेत ६४२ धावा काढल्या. आपला मुलगा सरदेसाई होईल असे मी म्हणत नाही. आठवीत निकाल लावू नये, एवढेच सांगतो.

शिकवणीचा निर्णय त्याला विचारल्याविना घेऊ नका. शिक्षकांकडे आपण जाण्याआधी त्याला स्वतःला जाऊ द्या, आणि ‘मला का खेळवत नाही?’ याऐवजी ‘मी नेमके काय सुधारू?’ असे विचारू द्या. त्याला नीट उत्तर मिळाले नाही, तर मग आपण अवश्य जावे.

प्रश्न : माझी मुलगी नववीत असून खो-खो खेळते. तालुका पातळीवरच्या सामन्यात पाठलाग करणाऱ्या मुलीचा हात तिला लागला. पंचांना दिसले नाही, पण हिने स्वतःच हात वर करून सांगितले आणि ती बाद झाली. सामना एका गुणाने हरला. परतताना बसमध्ये तिच्याशी कोणी बोलले नाही, आणि शिक्षक ‘पंच कशासाठी असतात?’ एवढेच म्हणाले. तिचे चुकले का?
– एक वडील, म्हापसा

उत्तर : तिचे चुकले नाही. पण तिच्या मैत्रिणी वाईट आहेत असाही निष्कर्ष काढू नका. वाड्यावर खेळताना हीच मुले ‘लागला, लागला’ असे कबूल करून स्वतःहून बाहेर जातात, कारण तिथे पंच नसतो आणि खोटे बोलले तर उद्या कोणी खेळायला घेत नाही. शिट्टी आली की खरे-खोटे ठरवण्याची जबाबदारी मुले तिच्यावर सोपवतात, आणि ‘दिसले नाही म्हणजे झाले नाही’ हा नवाच नियम तयार होतो. डेव्हिड शील्ड्स आणि ब्रेंडा ब्रेडेमायर या अमेरिकी संशोधकांनी याच वृत्तीचा अभ्यास केला : एरवी विचारी असलेली माणसेही खेळापुरती रोजची नीती कंसात टाकतात, आणि खेळ संपला की कंस पुसतात.

शिक्षकांचे ते एक वाक्य मला पराभवापेक्षा महाग वाटते. त्यांनी पुढच्या सरावाला संघाला गोल बसवून हा विषय काढावा, ज्यांना राग आला त्यांनाही बोलू द्यावे, आणि आठवड्यातून एकदा पंचाविना सामना खेळवावा. डॉन हेलिसन यांनी शिकागोच्या शाळांतून खेळाद्वारे जबाबदारी शिकवण्याची जी पद्धत रुजवली, तिची शेवटची पायरी मैदानावर शिकलेले बाहेर नेण्याची आहे. आपल्या मुलीच्या बाबतीत बाहेरचे मैदानावर आले आहे, एवढाच फरक. घरी मात्र तिचा सत्कार करू नका. नातेवाइकांना ती गोष्ट चारचारदा सांगितली, तर पुढच्या वेळी तिच्यावर नाहक ओझे येईल. बसमधला तो तासभर कसा गेला, एवढे तिला विचारा आणि ऐकून घ्या.

प्रश्न : मुलगा तालुका संघात निवडला गेला, पण दोन महिन्यांच्या फरकाने वयोगटाबाहेर जातो. एका परिचितांनी जन्मदाखल्याचे ‘बघून घेऊ’ असे सुचवले आहे.
– एक पालक, डिचोली

उत्तर : साफ नाही म्हणा. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या ज्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने आपल्या गोव्यात फातोर्ड्यालाही झाले, त्या स्पर्धेत वयाची शहानिशा मनगटाच्या एमआरआयने करतात, आणि आपल्याकडेही हाडांच्या तपासणीवरून मुले बाद ठरतात. पण पकडले जाण्याच्या भीतीने नकार देऊ नका. मुलाला स्वतःची जन्मतारीख ठाऊक आहे, आणि ती कोणी बदलली हेही ठाऊक राहील. खरा दाखला घेऊन त्याच्याबरोबर शाळेत जा, वरच्या वयोगटात नाव घालायला सांगा, आणि हे बोलणे त्याच्यासमोरच होऊ द्या.