वही आधी परत करा

प्रश्न : मुलीने दोनदा नीट दिली, सरकारी कॉलेजपुरते गुण पडले नाहीत. तिसऱ्यांदा बसायला ती तयार नाही. आजोबा यकृताच्या कॅन्सरने गेल्यापासून ‘प्रथिनं जनुकं कशी चालू-बंद करतात’ एवढंच वाचत बसते. कॅन्सरवर काम करायचं तर एमबीबीएस लागतंच ना? अभ्यासात लक्ष लागावं म्हणून तिची टिपणांची वही मी कपाटात कुलूप लावून ठेवली आहे. – एक वडील, सांगली

उत्तर : गुणांचं नंतर बघू. मला त्या वहीचं वाईट वाटलं. आजोबांना कशाने नेलं हे समजून घ्यायला पोरीने वही घातली, कोणी सांगितलं नसताना. त्याची तुम्ही शिक्षा दिलीत. दोन वर्षं क्लास लावून जी ओढ निर्माण झाली नाही, ती त्या वहीत आहे. आज संध्याकाळी ती तिच्या हातात द्या.

एमबीबीएस लागतंच, हा समज चुकीचा आहे. तिच्या वहीतल्या विषयाचंच उदाहरण घ्या. पी-53 नावाचं प्रथिन डीएनएला धरून काही जनुकं चालू करतं आणि बिघडलेल्या पेशीची वाढ थांबवतं. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात, मक्यात अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं. ते पी-53च्याच जनुकात, 249व्या कोडॉनमध्ये (तीन अक्षरांच्या गटात), एक अक्षर बदलू शकतं. मग या प्रथिनाची डीएनएवरची पकड सुटते आणि पेशी वाढत जाते. चीनमधल्या आणि दक्षिण आफ्रिकेकडच्या रुग्णांच्या यकृतातल्या गाठींत हाच बदल पुन्हापुन्हा सापडल्याचं 1991मध्ये प्रसिद्ध झालं. असे प्रश्न प्रयोगशाळेत सुटतात. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रात, पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेत एमएस्सी करून आलेली मुलं कॅन्सरवर पीएचडी करतात.

वाट सरळ आहे: आयसर या सरकारी विज्ञान संस्थांसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा, नाहीतर बीएस्सी, मग एमएस्सीसाठी जॅम ही परीक्षा आणि पुढे पीएचडीसाठी सीएसआयआर-नेट. आयएटीत गणितही असतं आणि बारावी कोणत्या वर्षी झाली याची अट असते. ती आधी बघा. पीएचडी होईपर्यंत तिशी जवळ येईल. नेटमधून जेआरएफ (संशोधन करणाऱ्यांची फेलोशिप) मिळाली तर सुरुवातीला महिना 37,000 रुपये मिळतात. त्यात घर चालवायची अपेक्षा तिच्याकडून ठेवू नका.

तिला रुग्ण बरे करायचे असतील, तर मात्र नीटला पर्याय नाही. पण हे तिला विचारलंत का? तुमच्या पत्रात तिचं एकही वाक्य नाही. वही परत देताना तिच्याकडून दोन पानं समजावून घ्या, आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या.