पूर ओसरल्यावर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : विहिरीत पुराचं पाणी शिरलं होतं. दोनदा टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली, तरी ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरिन उरलंय का हे रंगावरून दाखवणारी चाचणी) पिवळा रंग येत नाही. पावडर खराब असेल का?

उत्तर : असू शकते. डबा उघडा राहिला, ओल लागली की टीसीएलची ताकद उतरते. पण पुरानंतर खरं कारण बहुधा गढूळपणा असतो. गाळ आणि कुजका पालापाचोळाच क्लोरिन खाऊन टाकतो, जंतूंसाठी काही उरत नाही. म्हणून आधी उपसा. भोवतालची जमीन पाण्याने भरलेली असताना विहीर एकदम रिकामी केली तर कडा ढासळतात, तेव्हा टप्प्याटप्प्याने उपसा. इंजिनाचा पंप मात्र विहिरीत कधीही उतरवू नका. त्याच्या धुराने आत माणसं दगावतात.

पाणी नितळ झालं की हिशोब करा. व्यास × व्यास × पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये) × 785 म्हणजे लिटर. 3 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी असेल तर साधारण 28,000 लिटर. ताजी, 33 टक्के क्लोरिनची पावडर एरवी 1000 लिटरला 2.5 ग्रॅम पुरते. पुरानंतर 5 ग्रॅमपासून सुरुवात करा, म्हणजे इथे 140 ग्रॅम. एका बादलीत 100 ग्रॅमपेक्षा जास्त नको, त्यामुळे दोन बादल्या लागतील. आधी लगदा करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा आणि 10 मिनिटं ठेवा. वरची निवळ तेवढी विहिरीत सोडायची. तळाचा चुना गेला तर पाणी जड होतं. निवळीची बादली दोराने पाण्याखाली नेऊन वर-खाली, आडवी हलवा.

तासाभराने ओटी टेस्ट करा. रंग 10 सेकंदांच्या आत बघा, उशिरा चढणारा पिवळेपणा फसवतो. लिटरला 0.5 मिलिग्रॅम क्लोरिन दिसत नसेल तर डोस वाढवून पुन्हा तासभर थांबा. तोवर पिण्याचं पाणी उकळूनच. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट.

प्रश्न : पायाला चीर असताना पुराच्या पाण्यातून चाललो. ताप नाही. औषध घ्यावं का?

उत्तर : आजच डॉक्टरांना दाखवा. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या दूषित पाण्यातून होणारा ताप) टाळण्यासाठी प्रौढांना डॉक्सिसायक्लिन 200 मिलिग्रॅम, पाण्यात जाणं चालू असेपर्यंत आठवड्यातून एकदा देतात. गरोदर स्त्रिया आणि 8 वर्षांखालच्या मुलांसाठी ते योग्य नाही, म्हणून मनाने घेऊ नका. धनुर्वाताची शेवटची लस घेऊन 5 वर्षं किंवा जास्त झाली असतील तर तेही सांगा. पुढच्या महिनाभरात ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले तर ‘पुराच्या पाण्यात होतो’ हे पहिल्या वाक्यात सांगा. तापावर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक नको. लेप्टोत मूत्रपिंडाला आणि डेंग्यूत रक्तस्रावाने धोका होतो.

प्रश्न : पुरानंतर डास उलट कमी झालेत. फवारणी आत्ताच हवी का?

उत्तर : अळ्या वाहून गेल्या, म्हणून ही शांतता. साचलेल्या पाण्यात अंड्यापासून डास व्हायला 8 ते 10 दिवस लागतात, आणि हवा जितकी उबदार तितकं हे लवकर होतं. डासाच्या अंगात डेंग्यूचा विषाणूही लवकर तयार होतो. धुराची फवारणी फक्त उडते डास मारते. त्याऐवजी आठवड्यातून एकदा पिंप, टाक्या, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करा आणि आतून घासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही : डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी काठाला चिकटून कोरडी असताना महिनोन्‌महिने टिकतात.