दुसरीतली मुलं 'सत्तेचाळीस' ऐकून 74 लिहितात, काय करावं?

मूल ऐकतं तसंच लिहितं. 'सत्तेचाळीस' म्हणताना सात आधी येतो, चाळीस मागून. लिहायचं मात्र उलट. म्हणून पाटीवर पन्नासदा गिरवून घेणं व्यर्थ आहे.

आपल्याकडे तुरी निघाल्या की धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या, पडलेल्या असतात. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांबीच्या तोडा आणि टोकं दगडावर घासा, नाहीतर कुसळ बोटात जातं. चौघांच्या गटाला 60 पुरतात. दहा-दहाच्या मोळ्या मुलांनीच बांधायच्या, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या रिंगा घालून. तयार मोळी हातात दिली की मूल ती पुन्हा एकपासून मोजत बसतं, कारण आत दहा आहेत यावर त्याचा विश्वास नसतो. नऊ-अकराच्या मोळ्याही होतात. त्या शेजारच्या गटाकडून तपासून घ्या.

मग फरशीवर खडूने दोन घरं आखा: डावीकडे दशक, उजवीकडे एकक. संख्या ऐकली की आधी सात सुट्या काड्या उजव्या घरात, मग चार मोळ्या डाव्या घरात. मांडून झाल्यावरच घरं डावीकडून वाचत अंक लिहायचे. हा क्रम मोडू देऊ नका, सगळी गंमत त्यातच आहे.

21 ते 28 पासून सुरुवात करा. एकोणतीस, एकोणचाळीस शेवटी घ्या: तीन मोळ्या मांडून एक काडी काढायला सांगा. मोळी सोडावी लागते आणि 29 मध्ये दोनच दशक का, हे मुलाला स्वतःच दिसतं.

2019 पासून बालभारतीच्या पुस्तकात 'चाळीस सात' असं वाचनही आलं. अडलेल्या मुलाला ते जरूर म्हणू द्या, पण सत्तेचाळीस सोडू नका. घरी आणि बाजारात तेच कानावर पडतं.